समुद्रसपाटीवरून लेहच्या बर्फावर: मुलींच्या आइस हॉकी संघाचं एक प्रकरण

महाराष्ट्राचा १८ वर्षांखालील मुलींचा आइस हॉकी संघ जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धेसाठी लेहला जायचा आहे. १५ स्केटर आणि २ गोलकीपर, एकूण १७ जणी. त्यांतल्या ११ रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवरच्या, बाकी पुण्या-मुंबईच्या. सरावाचं शिबिर रत्नागिरीजवळच्या एका शाळेत. सगळ्या जणी इनलाइन स्केटवर, म्हणजे एका ओळीत चार चाकं असलेल्या स्केटवर शिकलेल्या. बर्फावर आधी उतरलेल्या फक्त चौघी. (संघ, मुली आणि निकाल अभ्यासासाठी रचलेले आहेत. मापं, नियम आणि अडचणी मात्र अशा संघांना खरोखर भेटतात त्याच.)

समोर कोण आहे याची जाणीव पहिल्या दिवसापासून हवी. भारतातलं मुलींचं आइस हॉकी उभं आहे ते प्रामुख्याने लडाखच्या मुलींवर. महिलांचा राष्ट्रीय संघ २०१६ मध्ये तैपेईला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला, २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ ने हरवून त्याने पहिला विजय मिळवला आणि २०२५ मध्ये अल-ऐनला आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं. त्या संघातल्या बहुतेक जणी गावच्या गोठलेल्या तळ्यावर खेळून मोठ्या झालेल्या. त्यांच्याशी गाठ पडणाऱ्या कोकणातल्या मुलीकडे जिद्द असते, स्टिकवर हात चांगला बसलेला असतो. कमी असतात ते बर्फावरचे दिवस आणि उंचीवरचे दिवस. म्हणून या प्रकरणातला कळीचा प्रश्न डावपेचांचा नाही. पहिल्या फेसऑफच्या, म्हणजे सामना सुरू होण्याच्या, आधीचे दिवस किती आणि कुठे घालवायचे, हा तो प्रश्न आहे.

पहिला आराखडा

आयोजन समितीचा पहिला आराखडा साधा होता. रत्नागिरीहून रेल्वेने हजरत निजामुद्दीन, तिथून दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने लेह, एक दिवस आराम, मग पहिला सामना. शाळा कमी बुडते, राहण्याचा खर्च वाचतो, पालकही लगेच हो म्हणतात.

हा आराखडा दोन ठिकाणी मोडतो. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे आणि तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो. किनाऱ्यावरून थेट तिथे उतरलेल्या माणसाला विरळ हवेचा त्रास बहुधा पहिल्या ६ ते १२ तासांत सुरू होतो: डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं. पहिले ४८ तास पूर्ण विश्रांती हा तिथला किमान नियम आहे. एका दिवसात मुलीला रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, उतरवणं म्हणजे तिच्या तब्येतीशी खेळ, मग निकाल काहीही लागो. दुसरी अडचण विमानाची. लेहची विमानं दुपारच्या वाऱ्यामुळे बहुतेक सकाळीच उडतात आणि हिमवृष्टी झाली की रद्द होतात. श्रीनगर-लेह रस्त्यावरची झोजी ला ही खिंड हिवाळ्यात हिमवृष्टीने कधीही बंद होते, त्यामुळे रस्त्याचा पर्याय धरताच येत नाही. एक विमान चुकलं की पहिला सामना गेला.

दुरुस्त आराखडा पहिल्या सामन्यापासून मागे मोजून केला. १६ दिवस आधी रत्नागिरी सोडायची. निजामुद्दीनमार्गे डेहराडून, तिथल्या हिमाद्री आइस रिंकवर पाच दिवस, रोज ४५ मिनिटांची दोन सत्रं. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेला हा बंदिस्त रिंक पूर्ण मापाचा आहे. डेहराडूनची उंची फार नसल्याने तिथे मुली बर्फ शिकतात आणि श्वास मोकळा राहतो. या दोन गोष्टी वेगळ्या काढणं हेच या आराखड्याचं मर्म. मग दिल्लीत एक मुक्काम आणि सामन्याच्या सात दिवस आधी लेह. परतीसाठी दोन दिवस राखीव. सगळे मिळून जवळजवळ चार आठवडे.

चार आठवडे म्हटल्यावर दहावीच्या मुलींचा प्रश्न आला. जानेवारीत शाळांच्या पूर्वपरीक्षा असतात आणि संघात तिघी दहावीच्या होत्या. दोघींच्या शाळांनी पूर्वपरीक्षा नंतर घ्यायचं लेखी मान्य केलं. तिसरीच्या आईवडिलांनी नको म्हटलं आणि तिच्या जागी राखीव मुलगी आली. ही पालकसभा ऑगस्टमध्ये घ्यावी. डिसेंबरमध्ये कळलं तर राखीव मुलीला तयारीला वेळच उरत नाही, आणि गळणाऱ्या मुलीचंही मन मोडतं.

कोर्टावर काय शिकवता येतं, काय नाही

शिबिराची जागा म्हणजे शाळेचं काँक्रीटचं बास्केटबॉल कोर्ट, २८ बाय १५ मीटर. आइस हॉकीचा रिंक ६० मीटर लांब आणि २६ ते ३० मीटर रुंद. कोर्ट जेमतेम त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढं. अशा जागेत मुली चपळ होतात, वळतात छान, पण त्यांचे पास आठ-दहा मीटरचे राहतात आणि सलग लांब धाव पायांना माहीतच होत नाही. हे व्यंग पुढे पहिल्या सामन्यात उघडं पडलं.

पावसाळ्यात बाहेर सराव नाहीच. जूनपासून काँक्रीटवर शेवाळ धरतं आणि पाऊस उघडला तरी ते ब्लीचिंग पावडर टाकून, खराट्याने घासून काढल्याशिवाय चाक टिकत नाही. गणपतीत तर अर्धा संघ घरी. म्हणून जून ते सप्टेंबर शाळेच्या हॉलमध्ये पायांची ताकद, तोल आणि स्टिकचं काम. पकसाठी, म्हणजे चेंडूऐवजी खेळायच्या चकतीसाठी, एक युक्ती उपयोगी पडते. आइस हॉकीचा पक कडक रबराचा, ७.६२ सेंटिमीटर व्यासाचा, १५६ ते १७० ग्रॅमचा. तो काँक्रीटवर किंवा लादीवर घसरत नाही. इनलाइनचा पक घसरतो, पण बराच हलका असतो आणि त्यावर सवय झालेलं मनगट खऱ्या पकला कमी पडतं. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर गुळगुळीत सनमायका चिकटवून त्यावर खरा पक खेळवला की मनगटाला त्याचं वजन कळतं. असे तीन तुकडे हॉलमध्ये टाकले की एका वेळी सहा जणी काम करू शकतात.

स्टिक निवडताना मुलीचं वजन पाहावं. स्टिकवर लिहिलेला लवचिकतेचा आकडा साधारण तिच्या पौंडांतल्या वजनाच्या निम्मा असावा. ४५ किलोची मुलगी म्हणजे १०० पौंड, तिला ५० च्या आसपासची स्टिक. मोठ्या माणसांची ८५ ची स्टिक कापून दिली की ती आणखी ताठ होते आणि मुलगी फटका मारण्याऐवजी पक नुसता ढकलत राहते.

ऑक्टोबरपासून कोर्टावर तीन गोष्टी घ्यायच्या ठरल्या.

पहिली गोष्ट निळ्या रेषा, म्हणजे रिंकचे आडवे तीन भाग पाडणाऱ्या दोन रेषा. इनलाइनमध्ये गोलकीपर धरून पाच जणी खेळतात आणि निळ्या रेषांचा ऑफसाइड नसतो. आइस हॉकीत सहा जणी, आणि पकच्या आधी समोरच्या निळ्या रेषेपलीकडे गेलं की शिट्टी. इनलाइनवर वाढलेली मुलगी सवयीने पुढे जाऊन पासची वाट पाहते. कोर्टावर फक्कीने दोन रेषा मारून रोज वीस मिनिटं फक्त रेषेवर पकसोबत पोहोचण्याचा सराव केला. मैदान लहान असल्यामुळे रेषा लवकर येते, म्हणून वेळ साधणं इथे उलट जास्त कठीण होतं, आणि ते बरंच आहे.

दुसरी गोष्ट कडेची फळी. रिंकच्या भोवती सुमारे १.०७ मीटर उंच फळी असते. पक तिच्यावर आपटून परत येतो आणि निम्मी झटापट तिच्यालगत होते. कोर्टाला नुसती जाळी. म्हणून १८ मिलिमीटरच्या प्लायच्या चार शीट साडेतीन फूट उंचीला कापून, मागे लोखंडी अँगलचा त्रिकोणी आधार आणि त्यावर वाळूची पोती ठेवून एक कोपरा उभा केला. चार शीटमध्ये पावणेदहा मीटर लांबी मिळते, एका कोपऱ्याच्या सरावाला पुरेशी. कोपरा सरळ नको, शीट किंचित तिरप्या जोडून गोलाई आणायची, नाहीतर पक कोनात अडकून बसतो. या फळीवर सगळ्यांत आधी शिकवायचं ते सुरक्षिततेचं: फळीपासून मीटरभर अंतरावर, तोंड फळीकडे करून, वाकून उभं राहायचं नाही. मागून धक्का बसला तर डोकं थेट फळीवर जातं. एकतर फळीला खेटून राहा, नाहीतर लांब थांबा. मुलींच्या खेळात मोठ्या धक्क्याने अडवण्याला बंदी असली तरी पकसाठी अंगाला अंग लागतंच, आणि बर्फावर पाय निसटतोच.

तिसरी गोष्ट पाच जणींची रचना. इनलाइनमध्ये सवय चार स्केटरची, त्यामुळे पाचवी मुलगी कुठे उभी राहते हेच सुरुवातीला कळत नाही. बचावातल्या दोघींपैकी एक कोपऱ्यात गेली की दुसरीने गोलासमोरची जागा सोडायची नाही, हे पायी चालत, स्केटशिवाय शिकवलं तरी चालतं. उलट लवकर उमजतं.

थांबण्याचं मात्र कोर्टावर जमत नाही. खरबरीत काँक्रीटवर चाक आडवं घसरत नाही, म्हणून मुली एक पाय मागे ओढून किंवा गोल वळून थांबतात. बर्फावर थांबतात ते अंग क्षणभर हलकं करून, दोन्ही पाती आडवी फिरवून, गुडघे वाकवून दाबत. ते डेहराडूनवरच सोपवलं, आणि कोर्टावर अर्धवट सवय लावायचा मोह टाळला हे योग्यच झालं.

खारा वारा आणि बेअरिंग

किनाऱ्यावर सराव करणाऱ्या संघाचा हा वेगळाच खर्च आहे. एका जोडीत आठ चाकं, दर चाकात दोन, म्हणजे १६ बेअरिंग. १७ जोड्यांची २७२. खाऱ्या दमट हवेत उघड्या झाकणाची बेअरिंग फार लवकर तांबूस होतात, मग चाक कुरकुरतं आणि जाम होतं. इथे दोन्ही बाजूंनी रबरी झाकण आणि आत ग्रीस असलेली घ्यावीत. ती किंचित जड फिरतात पण टिकतात. गंज आलेली रॉकेलमध्ये धुऊन, पूर्ण वाळवून, तेलाचा एक थेंब देऊन पुन्हा चालतात, फक्त ओली असताना बसवू नयेत. चाकं बाहेरच्या काँक्रीटसाठी ८२ ते ८५ कडकपणाची. हॉलसाठीची मऊ चाकं इथे वापरली तर पाहता पाहता झिजतात.

रक्त, दमा आणि एक गोळी

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासलं. या वयाच्या मुलींमध्ये १२ ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्तक्षय. समुद्रसपाटीवर थोडी कमतरता असलेली मुलगी धावते, दमते, तरी निभावते. ३,५०० मीटरवर हवेतच प्राणवायू कमी पडतो, तिथे तिच्याकडे निभवायला काही उरत नाही. चौघींचं कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळी घेताना चहा नको, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. लिंबू किंवा आवळा सोबत चांगला. हिमोग्लोबिन वर यायला आठवडे लागतात, म्हणून ही तपासणी डिसेंबरमध्ये करून उपयोग नाही. पाळीच्या काळात जास्त रक्त जाणाऱ्या मुली हे प्रशिक्षक सरांना सांगत नाहीत. व्यवस्थापक ताई आहेत का आणि त्यांनी एकेकीशी स्वतंत्र बोलणं केलंय का, हा प्रश्न संघ निवडीइतकाच महत्त्वाचा आहे.

एकीला दमा होता. थंड कोरडी हवा दम्याला हमखास चाळवते, म्हणून तिच्या फुफ्फुसांची तपासणी आणि इनहेलरची चिठ्ठी आधीच घेतली. सालब्युटामॉल इनहेलर ठरलेल्या मात्रेपर्यंत खेळाडूला चालतो.

आता गोळी. लेहला जाणाऱ्याला कुणीतरी हमखास सांगतं की डायमॉक्स सुरू करा. यातलं औषध अ‍ॅसिटाझोलामाइड. पर्यटकासाठी तो डॉक्टरने ठरवायचा साधा उपाय आहे. पण लघवी वाढवणारं औषध असल्यामुळे ते ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे, स्पर्धेच्या काळात आणि एरवीही. वैद्यकीय कारणासाठी आधी परवानगी घेतल्याशिवाय राष्ट्रीय स्पर्धेच्या खेळाडूने ते घेतलं आणि उत्तेजक चाचणी झाली, तर निर्दोष मुलीवर बंदी येऊ शकते. पालक प्रेमापोटी पिशवीत गोळ्या टाकतात. म्हणून पालकसभेत हे स्पष्ट सांगितलं आणि प्रत्येकीच्या औषधांची यादी संघाच्या डॉक्टरांकडे लेखी दिली. अर्थात जीव धोक्यात असेल तेव्हा उपचार आधी आणि कागद नंतर. नियमही तेच सांगतात.

डेहराडूनचे पाच दिवस

पहिल्याच सत्रात सगळ्या जणी पुढे तोंडावर पडल्या. कारण पात्याच्या आकारात आहे. इनलाइनची चारही चाकं जमिनीला टेकलेली असतात, बर्फाचं पातं मात्र लांबीत किंचित गोल असतं आणि एका वेळी थोडीच लांबी टेकते. वजन जरा पुढे गेलं की टोक रुततं. गुडघे वाकवून वजन पायाच्या मधोमध आणणं, एवढंच पहिल्या दिवशी.

थांबणं टप्प्याटप्प्याने घेतलं. फळीला धरून एका पायाच्या आतल्या धारेने बर्फ खरवडायचा, भुगा निघाला पाहिजे. मग दोन्ही टाचा बाहेर ढकलत हळू थांबायचं. तिसऱ्या दिवसापासून दोन्ही पाती आडवी. प्रत्येकीची एक बाजू कच्ची असते, बहुधा डावीकडे थांबायला जमतं आणि उजवीकडे नाही, किंवा उलट. पाचव्या दिवशी दोन मुली अजूनही एकाच बाजूने थांबत होत्या. त्यांना सामन्यात रिंकच्या त्या बाजूला ठेवलं जिथे त्यांना पक्क्या बाजूने थांबता येईल. हा तात्पुरता उपाय आहे, पण पाच दिवसांत यापेक्षा जास्त होत नाही.

खरी अडचण भाड्याच्या आणि मागून आणलेल्या स्केटची. हॉकी स्केट रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतं. दोन मोजे घालून मोठं स्केट भरून काढणाऱ्या मुलीचा घोटा आत हलतो. तपासणी सोपी: नाडी न बांधता पाय पुढे सरकवून अंगठा टोकाला लावायचा आणि टाचेमागे एक बोट जातं का पाहायचं. एक बोट ठीक, दोन गेली तर स्केट परत. या शिबिरात एका मुलीने आवडली म्हणून मोठी जोडी ठेवून घेतली. ती चौथ्या दिवशी घोटा मुरगळून बसली आणि पुढचे दोन सामने बाहेर राहिली.

धारेचंही पाहावं. पात्याच्या तळाला लांबीभर उथळ खोबण असते आणि तिच्या दोन कडा म्हणजे दोन धारा. खोबणीची गोलाई इंचात सांगतात. पाच अष्टमांश इंचाची उथळ धार नवशिक्याला सोपी, कारण घसरून थांबता येतं. अर्धा इंच जास्त रुतते. डेहराडूनला पाच अष्टमांश ठेवली आणि निघताना अर्ध्या इंचाची करून घेतली, कारण लेहचा थंडीने कडक झालेला बर्फ हलक्या मुलींच्या पात्यांना पकड देत नाही. दोन्ही धारा सारख्या उंचीच्या आहेत का, हे पात्यावर छोटी सरळ पट्टी आडवी ठेवून कळतं. ती काटकोनात बसली नाही तर मुलगी एकाच बाजूला घसरत राहते आणि दोष मात्र आपल्या पायांना देते.

लेह

विमानात एकेकीला साधारण १५ किलो सामान. हेल्मेट आणि पूर्ण जाळी, मानेचा पट्टा, खांदा, कोपर, नडगीची कवचं, हॉकी पँट, हातमोजे, स्केट, एवढ्यानेच ते भरतं. गोलकीपरची बॅग त्याहून बरीच जड. जादा वजन तिकिटासोबतच घ्यावं, काउंटरवर ते महाग पडतं. स्टिक आणि स्केट केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. जाडजूड जॅकेट अंगावर घालूनच चढायचं.

पहिले दोन दिवस खोलीत. तिसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर चालणं. चौथ्या दिवशी अर्धा तास बर्फ, मग वाढवत सहाव्या दिवशी सामन्यासारखा सराव, आणि आदल्या दिवशी अगदी थोडं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ होता, पण एका आकड्यावर निर्णय घेतला नाही. गार पडलेल्या बोटावर तो चुकीचा आकडा दाखवतो, आणि इथे सुरुवातीला ८५ ते ९० च्या आसपासचे आकडे नेहमीचेच. लक्षणं पाहायची. मुली डोकं दुखतंय म्हणत नाहीत, गाडी लागली असेल म्हणतात, भूक नाही म्हणतात. बसल्या जागी धाप, सतत खोकला, किंवा एका रेषेत टाचेला टाच लावून चालता न येणं, यांतलं काहीही दिसलं की लगेच सोनम नोरबू रुग्णालय. लेहहून खाली उतरवणं म्हणजे हिवाळ्यात पुढच्या सकाळचं विमानच, म्हणून वाट पाहत बसायचं नाही. एका मुलीला दुसऱ्या रात्री उलट्या झाल्या. प्राणवायू आणि विश्रांतीने ती दोन दिवसांत सावरली, पण तिला पहिला सामना दिला नाही.

एक गोष्ट इथे ठळक करावीशी वाटते. खोलीतली बुखारी, म्हणजे शेगडी, पेटवून दारं-खिडक्या गच्च लावल्या तर विषारी वायू साठतो. त्यानेही डोकंच दुखतं आणि मळमळतं, म्हणजे हुबेहूब उंचीच्या त्रासासारखं. एकाच खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखू लागलं आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर आधी बुखारी बंद करा. खिडकीला बोटभर फट कायम हवी, आणि झोपताना बुखारी विझवायची.

थंडीची सवय कोकणात लावता येत नाही, कपड्यांची शिस्त लावता येते. अंगाला लागून सुती कपडा नको. घामाने भिजला की तो अंगावरच गार पडतो. बेंचवर बसणाऱ्या मुलीने लगेच जॅकेट चढवायचं. स्केटची नाडी पंजावर फार आवळली की बोटं बधिर होतात. पाणी थर्मासमध्ये, साध्या बाटलीत ते गोठतं. खाण्याचं मन नसतं तेव्हा घरून आणलेली चिक्की, खजूर, मेतकूट-भात यांनी संघ सावरला. थुक्पाही मुलींना आवडला.

तीन सामने

आठ संघ, चार-चारचे दोन गट. नियमित वेळेतल्या विजयाला ३ गुण, जादा वेळेतल्या विजयाला २, जादा वेळेत हरल्यास १. गटातले पहिले दोन उपांत्य फेरीत.

यजमानांविरुद्ध ०-७. श्वास कमी पडला नाही, आधीचे सात दिवस कामी आले. सातपैकी चार गोल एकाच दोषातून गेले: स्वतःच्या भागातून बाहेर पडताना दिलेला आखूड, आडवा पास. कोर्टाच्या मापाची सवय. त्या संध्याकाळी प्रशिक्षकांनी एकच बदल केला. गोलामागून पक उचलला की आडवा पास बंद, फळीला लागून वर टाकायचा आणि कडेच्या मुलीने निळ्या रेषेपाशी उभं राहून तो घ्यायचा. दिसायला साधा खेळ, पण १५ पैकी १३ जणी उरलेल्या संघाला तो पेलतो.

त्या १३ जणींची मांडणीही सांगण्यासारखी आहे. १५ असताना पाच-पाचचे तीन गट होतात, म्हणजे एक शिफ्ट (एका दमात बर्फावर राहायची पाळी) खेळ आणि दोन शिफ्ट विश्रांती. दोघी बाहेर गेल्यावर पुढच्या फळीचे तिघींचे तीन गट तसेच ठेवले आणि बचावात चौघीच फिरवल्या. धाव पुढच्या फळीची जास्त असते, तिथे विश्रांती कमी केली तर तिसऱ्या, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या, पिरियडला संघ कोसळतो. शिफ्ट ३० सेकंदांची, बचावातल्यांची त्याहून थोडी कमी. समुद्रसपाटीवर ४५ सेकंद चालतात, इथे पस्तिसाव्या सेकंदाला पाय जड होतात आणि दमलेली मुलगी स्टिक आडवी घालून पेनल्टी ओढवून घेते.

दुसरा सामना जादा वेळेत ३-२ असा जिंकला. पाच मिनिटं, दोन्हीकडून तिघी-तिघी. एवढ्या मोकळ्या बर्फावर २० सेकंदांनी बदल केला म्हणूनच तो निघाला. आजारातून उठलेली मुलगी या सामन्यात थोडा वेळ खेळली.

तिसऱ्या सामन्याआधीचं गणित असं: यजमान सर्वांना हरवून ९ गुणांवर, महाराष्ट्र २, समोरचा संघ ३, चौथा संघ तिन्ही सामने संपवून १. नियमित वेळेत जिंकलं तर ५ गुण, दुसरं स्थान. जादा वेळेत जिंकलं तर दोघांचे ४-४ आणि आपसातल्या विजयामुळे तरीही दुसरं स्थान. हरलं तर कितीही गोलांनी हरलं तरी तिसरं. म्हणजे गोलफरकाला इथे काहीच किंमत नाही.

सामना दुपारचा होता, उघड्या रिंकवर. उन्हातली बाजू मऊ झालेली, पक तिथे चिकटत होता, सावलीतली कडक. ऊन येणाऱ्या टोकाला बचाव करताना पक लांब टाकायचा, सावलीच्या टोकाला पास खेळायचा, असं ठरवून दुसऱ्या पिरियडपर्यंत १-१ राखलं. शेवटच्या पिरियडला १-२. दोन मिनिटं उरली असताना प्रशिक्षकांनी सामन्यातला एकमेव ३० सेकंदांचा टाइमआउट घेतला, पहिल्या गटाला श्वास घेऊ दिला आणि गोलकीपरला बाहेर बोलावून सहावी स्केटर उतरवली. दोन चांगले फटके झाले, एक पोस्टला लागला. मग पक निसटला आणि रिकाम्या गोलात गेला. १-३.

काही पालकांना गोलकीपर बाहेर काढणं अविचार वाटलं. गणित पाहिलं तर तो निर्णय बरोबरच होता. एका गोलाने हरण्यात आणि पाच गोलांनी हरण्यात फरक नसताना गोलकीपर आत ठेवून काही वाचत नव्हतं. उलट आणखी मिनिटभर आधी काढायला हवी होती, कारण नव्या सहा जणींना मऊ बर्फावर पक पुढे नेऊन जम बसवायलाच चाळीसेक सेकंद गेले. गोलफरक मोजला जाणार असता तर उत्तर उलट आलं असतं. म्हणून शेवटच्या सामन्याआधी हा हिशेब कागदावर लिहून बेंचवर ठेवावा, आणि गोलकीपरलाही आधी सांगावं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला भर सामन्यात बाहेर बोलावलं की तिला वाटतं आपलं काही चुकलं. या संघाने तिला सकाळीच सांगितलं होतं, त्यामुळे ती खूण मिळताच सुसाट बेंचकडे आली.

स्थान निश्चितीचा सामना संपला तेव्हा संघ दोन्ही बाजूंनी थांबत होता, दोघी सोडून. पुढच्या वर्षासाठी समितीपुढे दोनच मागण्या ठेवल्या: डेहराडूनचे दिवस पाचाऐवजी आठ, आणि प्रत्येक मुलीच्या मापाची स्केट ऑगस्टमध्येच. कोर्ट मोठं करण्याची मागणी मुद्दाम ठेवली नाही. त्याऐवजी महिन्यातून दोन रविवारी शाळेच्या मैदानाला लागून असलेला लांब डांबरी रस्ता सकाळी सहा ते आठ बंद करून २५ मीटरचे पास खेळायचे. त्यासाठी ग्रामपंचायतीचं पत्र आणि दोन्ही टोकांना एकेक पालक एवढं पुरतं.

आणलेली बर्फाची स्केट रत्नागिरीत आल्या दिवशीच कोरड्या फडक्याने पुसून पात्यांना शिलाई मशीनचं तेल लावावं आणि कापडी खोळीत ठेवावी. प्लॅस्टिकच्या कव्हरात ओल कोंडते आणि खाऱ्या हवेत शिमग्यापर्यंतच धारेवर गंजाचे डाग पडतात.